नव्या गोळीचं पंडुम

मार्च निम्मा सरला की धानोऱ्यात दुपारी कोणी धड जागं नसतं आणि धड झोपलेलंही नसतं. अंगणांत, छपरांवर, रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर मोहफुलं वाळत पडलेली असतात आणि उन्हानं तापून त्यांचा वास गावभर हिंडतो. गोड, जरासा आंबूस, डोळे जड करणारा. माझ्या औषधाच्या दुकानात मी दोनदा फिनाईलनं फरशी पुसते, तरी तो वास खोक्यांमागं जाऊन बसतो. गिऱ्हाईक काउंटरवर कोपर टेकतं आणि काय घ्यायला आलो होतो तेच विसरतं. मी त्याला विसरू देत नाही. या दिव्यानीची जीभ तिखट आहे असं अख्खा तालुका म्हणतो, आणि मी ते कधी खोडून काढलेलं नाही.

गेल्या मार्चमध्ये त्या गुंगीत माझे बाबा येऊ लागले. दुकानासमोर सिमेंटचा बाक आहे, त्यावर बसायचे. बोलायचे काही नाहीत. घुग्घुसच्या सिमेंट कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली त्यांनी तीस वर्षं पोती उचलली होती. वयानं पांढऱ्या व्हायच्या आधीच त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. बाकावरच्या बाबांच्या भुवयांवर ती पूड तशीच असायची. मी मनात म्हणायची, बाबा, तोंड धुऊन या, चहा टाकते. तेवढ्यात कोणीतरी सर्दीची गोळी मागायचं आणि बाक रिकामा व्हायचा.

बाबा त्याआधीच्या डिसेंबरात गेले होते. त्यांचं हृदय मंदावलं होतं. पाय सुजायचे, दोन पायऱ्या चढले की दम लागायचा. नागपूरच्या डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली होती, मूळची साखरेच्या आजाराची, पण हृदयालाही हात देणारी. रोज एक, आणि एक साठ रुपयांना. मी दर महिन्याला एसटीनं गोळ्यांचं पार्सल पाठवायची. दिवाळीला घुग्घुसला घरी गेले तेव्हा मोठ्या उत्साहानं त्यांना सांगितलं की ही गोळी आता स्वस्त होणार. ज्या कंपनीनं औषध शोधलं तिला वीस वर्षांचं पेटंट असतं, तोवर दुसऱ्या कोणी ते बनवायचं नाही. ती मुदत अकरा मार्चला संपते. बाकीच्या कंपन्या तयारीतच आहेत, साठची गोळी दहा-बारावर येईल. बाबांनी तारीख दोनदा विचारून घेतली. मला वाटलं, त्यांना आनंद झाला.

आनंद झालाच होता. त्या आनंदात त्यांनी गोळी एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. हे मला तेरवी झाल्यावर कळलं, त्यांच्या उशाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला तेव्हा. आत दहा गोळ्यांचा एक अख्खा पत्ता होता आणि दुसऱ्या पत्त्यात चार. चौदा गोळ्या, महिनाभराच्या जवळजवळ निम्म्या. आई म्हणाली, ते म्हणायचे, मार्चनंतर रोजच खायची आहे, तोवर पोरीवर किती बोजा टाकायचा. सगळ्या घेतल्या असत्या तरी काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना असं म्हणावंच लागतं. तो डबा मी धानोऱ्याला आणला आणि काउंटरखाली ठेवून दिला. विकवत नव्हता, फेकवत नव्हता, उघडवतही नव्हता.

बुधरीबाई त्याच गोळीची गिऱ्हाईक. मुरूमगावच्या रस्त्यानं निघालं की जिथं डांबर संपतं, तिथून आत तिचं गाव. गोंडांची पंचवीस-तीस घरं. तिचा नवरा चैतूभाऊ त्या गावाचा गायता, म्हणजे गावच्या देवांची पूजा आणि सणांचा मान त्याच्याकडं. त्याचंही हृदय बाबांसारखंच थकलेलं, सूजही तशीच. बुधरीबाई आठवडी बाजाराला चारोळी नाहीतर मध घेऊन यायची, तो विकला गेला की माझ्याकडं येऊन सात गोळ्या घ्यायची, आणि दर खेपेला विचारायची, स्वस्त नाई झाली का. मी तिच्याकडून माझ्या खरेदीचाच भाव घ्यायची, तरी तो भाव तिच्यासाठी फार होता.

तारखेबद्दल मी तोंड उघडायलाच नको होतं. एकदा पोळलं होतं. पण फेब्रुवारीत तिनं तोच प्रश्न इतक्या सरळपणे विचारला की मी सांगून बसले. वर तिला नीट कळावं म्हणून एक शहाणपणाही केला. तिला विचारलं, तुमच्या गावात पंडुम होईपर्यंत नवा मोह कोणी तोंडात घालतं का?

गोंडांकडं नव्या फळाफुलाचा सण असतो, त्याला पंडुम म्हणतात. मोह पडायला लागला की वेचायचा, वाळवायचा, पण पंडुम होईपर्यंत चाखायचा नाही. आंब्याचंही तसंच. बुधरीबाई म्हणाली, नाई घालत. मग मी म्हटलं, ही गोळीही तशीच आहे. अकरा मार्चपर्यंत बाकीच्या कंपन्यांनी हात लावायचा नाही. त्या दिवशी तिचं पंडुम, मग झाड सगळ्यांचं. बुधरीबाईनं यावर बराच वेळ विचार केला. तिचा चेहरा गंभीर झाला, जणू मी पहिल्यांदाच काहीतरी अकलेचं बोलले होते. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. मी तिला बजावलं की तोवर जुनी गोळी रोज द्यायची, एकही दिवस चुकवायचा नाही. तिनं मान हलवली, आणि तो शब्द तिनं पाळला.

अकरा मार्च आला आणि गेला. आभाळातून काही पडलं नाही. मोहफुलं पडत होती तेवढीच. पंधरा तारखेला गडचिरोलीहून खोकी आली, एकाच औषधाची चार कंपन्यांची चार नावं. साठची गोळी दहावर आली होती. एक रिटायर गुरुजी पत्ता उलटासुलटा करून म्हणाले, एवढी स्वस्त म्हणजे नुसता खडू असणार. मी म्हटलं, मग शाळेतून खडू आणून खा, तो फुकट मिळेल. ते घेऊन गेले. गुरुजी गेल्यावर मी शटर अर्धं खाली ओढलं आणि खुर्चीत बसून रडले. तीन महिने. फक्त तीन महिने बाबांनी कळ काढायला हवी होती, आणि ती त्यांनी चुकीच्या बाजूनं काढली होती.

त्याच दिवशी बुधरीबाईच्या गावची आशाताई मंगली आरोग्य केंद्राच्या मीटिंगला आली होती. तिच्याबरोबर नव्या गोळीचे तीन पत्ते पाठवून दिले. मोहाच्या दिवसांत बुधरीबाई बाजाराला येणार नाही हे ठाऊक होतं. त्या दिवसांत सगळं गाव पहाटेपासून झाडांखाली असतं. महिन्याचा बंदोबस्त झाला म्हणून मी निर्धास्त झाले. जुन्या गोळ्या तर मी फेब्रुवारीपासूनच मागवल्या नव्हत्या. शेवटच्या बुधरीबाईनंच नेल्या होत्या.

सत्तावीस तारखेला मंगली पुन्हा आली. म्हणाली, चैतूभाऊचे पाय गुडघ्यापर्यंत सुजलेत, आडवं होता येत नाही, बसूनच झोपतो. मी विचारलं, गोळ्या? मंगलीनं खाली बघितलं. गोळ्या जशाच्या तशा आहेत, म्हणाली. अंगातलं पाणी काढायची, ती पाण्याची गोळी घेतो, ही घेत नाही. मी सांगून थकले, बुधरीबाई ऐकत नाही.

माझं डोकं फिरलं. दुकान बंद केलं, स्कूटी काढली आणि निघाले.

त्या रस्त्यावर राग फार वेळ टिकत नाही. सागाची झाडं ओकीबोकी होती आणि पळस फुलून संपत आले होते. मोहाच्या प्रत्येक झाडाखाली पालापाचोळा जाळून जमीन काळी स्वच्छ केलेली, आणि त्या काळ्यावर फिकट पिवळी फुलं. ती पडताना आवाज होत नाही म्हणतात, होतो. अगदी बारीक, कोणी लांबून जीभ टाळूला लावल्यासारखा. एका झाडाखाली फांदीला झोळी बांधलेली, तिच्यात लेकरू, आणि आई त्याच्याकडं पाठ करून फुलं वेचत होती. तिनं माझ्याकडं बघितलं ते स्वप्नात बघावं तसं. उन्हाचा, धुराचा आणि त्या वासाचा मिळून एक पडदा झाला होता. डांबर संपलं तिथून स्कूटी जड चालायला लागली. मागच्या सीटवर कोणीतरी बसलंय असं मला सारखं वाटत राहिलं. मी वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर सीट रिकामी झाली असती.

चैतूभाऊ घराच्या मधल्या खांबाला टेकून बसला होता. पायाची कातडी ताणून चकाकत होती, आणि श्वास घेताना छातीत बारीक घुर्रघुर्र. चेहरा मात्र शांत होता, आणि त्या शांतपणाचाच मला जास्त राग आला. बुधरीबाईनं पाणी दिलं. मी वर बघितलं. आढ्याला एक टोपली टांगली होती, नव्या मोहानं भरलेली, आणि तिच्या शेजारी पळसाच्या पानात बांधलेली एक पुडी. पानाच्या कडेतून पत्त्याची चंदेरी कडा दिसत होती.

मी जे बोलायचं ते सगळं बोलले. अडाणी म्हटलं, हट्टी म्हटलं, माणूस मारायला निघालीस म्हटलं. बुधरीबाईनं मला पूर्ण बोलू दिलं.

"तूच तं मनली बाई," ती म्हणाली. "नवं हाये मनली. मंग पंडुमाच्या आधी त्याच्या तोंडात कशी घालू?"

मी आवाज खाली आणून म्हटलं की त्या गोळीचं पंडुम झालं, अकरा तारखेलाच झालं, सरकारनं ठरवलेल्या दिवशी. आता देशभर लोक खातात. तेव्हा चैतूभाऊ पहिल्यांदा बोलला. दोन शब्दांमध्ये श्वास घेत.

"पयला वाटा कोणाले देल्ला?"

त्यानं हळूहळू सांगितलं, आणि मधेमधे बुधरीबाईनं त्याची वाक्यं पुरी केली. नवं फूल येतं तेव्हा पहिला वाटा पेनांचा, म्हणजे देवांचा, आणि मेलेल्यांचा. मागच्या साली ज्यांनी आपल्याबरोबर वेचलं आणि यंदा जे नाहीत, त्यांची नावं घ्यायची, पानावर त्यांचा घास ठेवायचा. मग जित्यांनी खायचं. ते केलं नाही तर पंडुम झालंच नाही, नुसतं दुकान उघडलं. त्यानं हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, तरी मला लागलं.

मी विचारलं, मग तुमच्या गावचं पंडुम कधी आहे. बुधरीबाई म्हणाली, हा टेकडीवर चढंल तेव्हा. पेनांचा ठाणा गावामागच्या टेकडीवर होता आणि गायत्याशिवाय पंडुम होत नाही. दोन आठवडे अख्ख्या गावानं मोह वेचून घरात भरला होता आणि एकानंही फूल चाखलं नव्हतं. पोरं टोपल्यांभोवती घुटमळत होती. दुसऱ्या कोणी करावं असं मी सुचवलं, तर चैतूभाऊ हसला. आपल्यामागं करतीलच, म्हणाला, पण श्वास चालू आहे तोवर तो मान दुसऱ्याच्या गळ्यात कसा घालायचा. म्हणजे पंडुम झाल्याशिवाय गोळी नाही, गोळीशिवाय टेकडी नाही, आणि टेकडीशिवाय पंडुम नाही. आणि ही गाठ दुसऱ्या कोणी नाही, मी मारली होती. ती उपमा मला फुकट सुचली होती आणि तिची किंमत हा माणूस श्वासानं देत होता.

मी म्हटलं, दवाखान्यात चला. तो म्हणाला, गाव उपाशी ठेवून कसं येऊ. मी म्हटलं, फुलापायी मरणार का. हे बोलायला नको होतं. बुधरीबाईचं तोंड एवढंसं झालं. चैतूभाऊ मात्र चिडला नाही.

"जुनं चालते, बाई," तो म्हणाला. "मागच्या सालचा मोहू आमी खाऊनच राह्यलो. तुयी जुनी गोळी दे. थे खातो मी."

साधी गोष्ट होती. पण जुनी गोळी होती कुठं? गावात फोनला नेटवर्क नव्हतं. टेकडीच्या उतारावर मिळतं, असं मंगलीनं सांगितलं होतं, म्हणून मी चढून गेले. वर मोहाचं एक म्हातारं झाड, त्याच्या बुंध्याशी दगड, लाकडाचे कोरलेले खांब, आणि खाली पडलेली फुलं कोणी न वेचलेली. मी लांबच उभी राहिले. आधी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, पाण्याची गोळी दुप्पट करा, मीठ बंद करा, दोन दिवसांत सूज उतरली नाही तर उचलून आणा. मग गडचिरोलीला लावला, चंद्रपूरला लावला, नागपूरला लावला. सगळीकडं एकच उत्तर. महागडा माल कोण ठेवतो आता, सगळा कंपनीला परत गेला. मागवू, पण आठवडा लागेल.

खरं सांगायचं तर डबा मला खाली घरातच आठवला होता. जुनी गोळी दे, असं चैतूभाऊ म्हणाला त्याच क्षणी. तेव्हापासून मी मनातल्या मनात त्याचं झाकण दाबून धरलं होतं. तीन शहरांना फोन केले ते डबा उघडावा लागू नये म्हणून. त्या चौदा गोळ्या म्हणजे बाबांनी माझ्यासाठी गोळीविना काढलेले चौदा दिवस होते. ते दुसऱ्या कोणाला कसे देऊ? मी टेकडीवर उभी राहून हा प्रश्न कोणाला विचारत होते कोण जाणे. एक फूल झाडावरून सुटलं आणि माझ्या खांद्यावर पडलं. मी ते झटकलं आणि खाली आले.

उन्हं कलायच्या आत मी धानोऱ्याला जाऊन परत आले. डबा उघडला तेव्हा आधी बिस्किटांचा वास आला आणि मग त्यामागून बाबांच्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा. मी पत्त्यांवरची तारीख बघितली, अजून वर्षभर मुदत होती. कुठं फाटलेलं नव्हतं, ओल नव्हती. दुकानदार म्हणून बघायचं ते सगळं बघितलं. मुलगी म्हणून बघायचं ते बघितलं नाही, नाहीतर निघालेच नसते.

चैतूभाऊनं डबा मांडीवर घेतला आणि विचारलं की या गोळ्या कोणाच्या. मी सांगितलं. सगळंच सांगितलं, दिवाळी, तारीख, दिवसाआड, उशाजवळचा डबा. हे मी आजवर कोणालाच, माझ्या नवऱ्यालासुद्धा, असं सलग सांगितलं नव्हतं. बुधरीबाई माझ्या पाठीवर हात ठेवून बसली होती. माझं संपल्यावर चैतूभाऊनं विचारलं,

"नाव का त्याचं?"

"लटारू."

"कुठचा?"

"घुग्घुसचा."

त्यानं ते नाव एकदा स्वतःशी म्हणून बघितलं. मग एक गोळी काढून तळहातावर धरली, गोंडीत काहीतरी पुटपुटला आणि भोपळ्याच्या तुंब्यातल्या पाण्याबरोबर गिळली.

गोळी म्हणजे काही मंत्र नव्हे. सूज उतरली ती पाण्याच्या गोळीनं, तिसऱ्या दिवशी. पाचव्या दिवशी तो आडवा झोपला. आठव्या दिवशी अंगणात फिरला आणि दहाव्या दिवशी विहिरीपर्यंत जाऊन आला. मंगली मला एकेक दिवसाची खबर देत होती आणि मी मनात एकेक गोळी वजा करत होते. काउंटरखालची जागा रिकामी होती, तिथं माझा पाय सारखा जायचा. दुपार व्हायची, वास यायचा, डोळे जड व्हायचे, आणि बाक रिकामा राहायचा. बाबा येत नव्हते. मला वाटलं, रागावले. त्यांचं जपून ठेवलेलं मी परक्याच्या घरी देऊन आले. त्या पंधरवड्यात मी गिऱ्हाइकांवर जरा जास्तच खेकसले, हेही कबूल करते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी सकाळी, बुधरीबाई आली. आज तिच्याजवळ चारोळी नव्हती, मध नव्हता. तिनं पदराखालून डबा काढला आणि काउंटरवर ठेवला. मी झाकण उघडलं. आत पळसाचं पान होतं आणि पानावर नवा मोह, ओंजळभर.

तिनं सांगितलं. चौदावी गोळी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी चैतूभाऊ टेकडी चढला. वाटेत चारदा बसला, पण कोणाच्या खांद्यावर हात ठेवला नाही. झाडाखाली पानं मांडली, नवा मोह वाढला, आणि त्याच्या बाजूला नव्या पत्त्यातली पहिली गोळी सोडवून ठेवली. मग गेलेल्यांची नावं घेतली. गावात यंदा दोघं गेले होते, ती दोन नावं घेतली. आणि मग तिसरं घेतलं. लटारू, घुग्घुसचा. गावातल्या लोकांनी एकमेकांकडं बघितलं, पण कोणी काही विचारलं नाही. मग पोरांनी मोह खाल्ला, आणि सगळ्यांत शेवटी चैतूभाऊनं नव्या पत्त्यातली दुसरी गोळी घेतली.

मी डब्यातल्या फुलांकडं बघत होते. मला म्हणायचं होतं की ते तुमच्या गावाचे कोणी नव्हते, त्यांनी कधी जंगलही धड बघितलं नाही, त्यांनी ते भीतीनं साठवलं होतं, माझ्यावर बोजा नको म्हणून, आणि त्यातच गेले. बुधरीबाईला ते बहुतेक कळलं.

"गावात एक मानूस जुनं राखून ठेवते, बाई," ती म्हणाली. "तवाच पंडुमपर्यंत गाव पुरते. यंदा तुया बापानं राखलं."

मी रडले. या वेळी शटर ओढलं नाही. बाजाराचं गिऱ्हाईक दारात उभं होतं, ते मुकाट्यानं थांबून राहिलं. मग मी एक फूल उचलून तोंडात टाकलं. ताजा मोह मी कधी खाल्ला नव्हता. आमच्याकडं त्याला जंगलातल्या लोकांचं खाणं म्हणतात. गोड होतं, आणि घशात जरा चुरचुरलं. बुधरीबाईला महिन्याच्या नव्या गोळ्या काढून दिल्या, रोज एक म्हणून पुन्हा बजावलं, आणि या खेपेला कशाचीच उपमा दिली नाही.

दुपारी वास दाटला आणि सगळा रस्ता पेंगायला लागला. डोळे मिटता मिटता मला बाक दिसला. बाबा आले होते. तोंड धुऊन आले होते, भुवया ओल्या आणि काळ्याभोर. मी चहा टाकायला उठले.